गाण्यातलं हसू

ताईचा आवाज शहरातल्या घराघरांत पोचलेला होता, पण भाजी घेताना तिला कुणी ओळखलं असं कधी झालं नाही. धंदाच तसा. परक्या भाषेतली मालिका आपल्या भाषेत आणायची, तर पडद्यावरच्या बाईचे ओठ हलतील तिथे आपले शब्द चपखल बसवावे लागतात. ताईचं काम ते. भिंतींना फोम चिकटवलेली, बिनखिडकीची, न्हाणीघराएवढी खोली. समोर पडदा, कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक. पंखा लावायचा नाही, सळसळणारं कापड घालायचं नाही, आणि उपाशीपोटी यायचं नाही, कारण पोट गुरगुरलं तर माईक तेही इमानेइतबारे टिपून घेतो.

पहिली काही वर्षं तिच्या वाट्याला नर्सा, शेजारणी आणि ‘साहेब, तुमचा फोन’ एवढंच म्हणणाऱ्या सेक्रेटरी आल्या. मग एका मालिकेत माडीवर कोंडून ठेवलेली वेडी बाई निघाली. तिला संवाद नव्हते, नुसतं हसणं होतं. ठरलेली नटी आली नाही म्हणून ताईला उभं केलं. वेड लागलेलं माणूस ताईने जन्मात जवळून पाहिलं नव्हतं. सिनेमे मात्र भरपूर पाहिले होते, आणि त्या सिनेमांतल्या नट्यांनीही बहुधा त्याआधीचे सिनेमेच पाहिले असावेत. तिने पोटातून सुरुवात केली, हसू चढवत नेलं, आणि संपता संपता श्वास ‘सूंऽऽ’ करून आत ओढला. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून ठेवले.

“काटा आला हो अंगावर, ताई. पाणी देऊ का तुम्हाला?”

तिथून ताईचं नशीब उघडलं. गजाआडची वेडी, जिन्यावरची वेडी, बाहुली कडेवर घेतलेली वेडी, नवऱ्याचा खून करून हसत सुटलेली वेडी. कुठलीही असो, बोलावणं ताईला. “वेडीताई आल्या का?” असं दारावरचा माणूसही बिनदिक्कत विचारायचा. ताईला त्याचं वाईट वाटत नसे. ज्या धंद्यात चेहरा नाही, नाव नाही, तिथे टोपणनाव मिळणं हाच मान. घरी आली की ती जेवणाच्या टेबलाशी दिवसभरातल्या वेड्या करून दाखवायची. आई म्हणायची, “पुरे गं, घास अडकेल.” आणि धाकटा हसून हसून खुर्चीतून घसरायचा.

“ताई, ते शेवटचं कर ना! ते सूं!”

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. ताईनेच त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला. स्वतःच्या लग्नाचा विषय एकदोनदा निघाला आणि आपोआप मागे पडला. मोठा झाल्यावर तो एका चष्म्याच्या दुकानात लागला. पुढच्या बाजूला ग्राहक आरशात तोंडं वेडीवाकडी करून फ्रेमा लावून बघायचे आणि हा मागच्या खोलीत फिरत्या चाकावर पाणी सोडून काच घासायचा, फ्रेमच्या मापाला आणायचा. अबोल, मान खाली घालून काम करणारा. पण काच एकदा बसवली की ती पुन्हा हलायची नाही. दुकानाचे मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, “नाक मोडेल, पण आमची काच निघणार नाही.”

अशा या सरळसोट घरात ते गाणं आलं.

एक तरुण संगीतकार स्टुडिओत आला होता. उलटी टोपी, पायात दोन निरनिराळ्या रंगांचे मोजे, पण बोलायला अदबशीर. म्हणाला, “ताई, एक हसू हवंय. तुमचं ते.” गाणं तसं गमतीचं होतं. पोरगी नाही म्हणते, पोरगा खुळावतो, ‘नट ढिला, बोल्ट ढिला, तुझ्यापायी जीव खुळा’ असं धृपद. ते संपलं की ठेका एकदम थांबायचा, क्षणभर काहीच नाही, आणि त्या रिकाम्या जागेत ताईचं हसू. ताईने तीनचार तऱ्हा करून दाखवल्या. संगीतकाराने शेवटी ‘सूं’ असलेली उचलली, वाकून नमस्कार केला आणि गेला. ताई विसरूनही गेली.

महिनाभरात ते गाणं रानात वणवा लागावा तसं पसरलं. त्यावर एक नाचही निघाला. बोट कानशिलाशी नेऊन गरागरा फिरवायचं, मान एका खांद्यावर टाकायची, जीभ बाहेर काढायची, आणि हसू वाजलं की जिथे असाल तिथे थरथरायचं. लग्नांत तेच, शाळांच्या संमेलनांत तेच. बँकेच्या साहेबांच्या निरोपसमारंभात रोखपालबाई जीभ काढून थरथरल्या, आणि ते मोबाइलवर साऱ्या शहराने पाहिलं. बेकरीत पाव घेताना ताईला राहवलं नाही. बेकरीवाली ते गाणं गुणगुणत होती, तिला ताई म्हणाली, “यातलं हसू माझं आहे बरं का.”

“हो का? आणि यातला ढोल मी वाजवलाय,” बेकरीवाली म्हणाली.

मग ताईने तिथेच, पावांच्या ट्रेसमोर, हसून दाखवलं. क्षणभर सगळे गारठले आणि मग दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. बेकरीवालीने पावासोबत एक केक बांधून दिला, नको नको म्हणताना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी ताईसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. तो केक घेऊन ती घरी आली तेव्हा धाकटा स्वयंपाकघरात उभा होता. पायांत बूट तसेच, सिंकचा नळ मोठा सोडलेला, आणि हा पाण्याकडे बघतोय.

“पाणी का सोडलंयस रे?”

“आवाज झाकायला.”

ताईला वाटलं, दिवसभर ते चाक घरघरतं, कान भणाणले असतील. तिने नळ बंद केला आणि केक कापला.

आजार त्या घरात असा चोरपावलांनी आला. धाकटा जेवायला बसायचा आणि ताट निवून जायचं. हाक मारली तर ओ यायची, पण फार लांबून आल्यासारखी. आंघोळ टाळायला लागला. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी दचकून छताकडे बघायचा. रात्रीची झोप गेली, वजन उतरलं. ताई त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं, “कान ठणठणीत आहेत. मला असते असे तर बरं झालं असतं.” ताई समाधानाने हसली. धाकटा हसला नाही.

मग एके दिवशी दुकानाचे मालक स्वतः घरी आले. चहाला हात लावला नाही, टोपी मांडीवर ठेवून बसले.

“रागावू नका,” ते म्हणाले, “पण पोराचं काहीतरी बिनसलंय. एकच काच दिवसभर घासत बसतो. शेवटी ती बटणाएवढी होते. काल एका गिऱ्हाइकाला म्हणाला, तुमच्या चष्म्यातून ते मला बघतात. गिऱ्हाईक म्हातारं होतं, त्याला वाटलं गंमत. मला नाही वाटली. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. आम्ही उशीर केला. तुम्ही करू नका.”

ते गेल्यावर आई उसळली. “काय बोलतो हा माणूस! माझ्या पोराला वेड लागलं म्हणतो? वेडी माणसं कशी असतात मला काय माहीत नाही? तूच तर करतेस की! कपडे फाडतात, खदाखदा हसतात. हा कधी हसतो तरी का?”

आईला काय सांगणार? आईला जे ठाऊक होतं ते ताईनेच शिकवलेलं, आणि ताईला स्वतःलाही त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. इतक्या वेड्या तिच्या गळ्यातून गेल्या; त्यांत बूट न काढता नळाशी उभी राहणारी एकही नव्हती.

मनाच्या डॉक्टरांकडे जायला धाकट्याने खळखळ केली नाही, याचंच ताईला जास्त भय वाटलं. डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या, घाईत नव्हत्या. झोप, भूक, काम, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आसपास कुणी नसताना आवाज ऐकू येतात का?”

धाकट्याने होकारार्थी मान हलवली.

“कुणाचे?”

“दोन माणसं असतात, ती माझ्याबद्दल बोलतात. एक म्हातारा आहे, तो नुसते आकडे म्हणतो. आणि ही.” त्याने ताईकडे बोट दाखवलं. “ही हसते.”

“कुठे ऐकू येतं ताईचं हसणं?”

“सगळीकडे. बसमध्ये. बेकरीत. दुकानासमोर मोटार थांबली की मोटारीतून.”

“ताई घरी असताना?”

“तेव्हा पण. ती माझ्याशेजारी जेवत असते आणि खिडकीतून हसते.”

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं.

“डॉक्टर, ते खरं आहे,” ताई म्हणाली.

“त्याला ते खरंच ऐकू येतं, हे मलाही मान्य आहे,” डॉक्टरीणबाई मृदू आवाजात म्हणाल्या. “पण आपण दुजोरा द्यायचा नाही.”

“तसं नाही हो. खरंच खरं आहे. मी हसते. सगळीकडे मीच हसते.”

आता डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ताईकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. हिच्यासाठीही एक कागद काढावा लागणार, असा विचार त्यांच्या मनात आला असणार. ताईला समजावता येईना. गाणं, स्टुडिओ, टोपीवाला संगीतकार, शब्दांचा नुसता गुंता झाला. शेवटी नाइलाजाने तिने तोंड बाजूला वळवलं आणि हसून दाखवलं. पोटातून, चढत, आणि शेवटी सूं.

खाडकन दार उघडलं. बाहेर नंबर पुकारणारा धिप्पाड माणूस आत आला, इकडेतिकडे न बघता सरळ धाकट्यापाशी गेला आणि त्याचे दोन्ही खांदे दाबून धरले. धाकटा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, तो हललासुद्धा नाही.

“मी नाही,” तो म्हणाला. “ती.”

ते गाणं डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. त्यांच्याच घरी वाजायचं. त्या माणसाला त्यांनी बाहेर पाठवलं आणि पेन पुन्हा उचललं. “बाकीच्या आवाजांवर औषध आहे,” त्या म्हणाल्या. “वेळ लागेल, पण फरक पडेल. हा आवाज मात्र… जमेल तेवढा त्याच्या कानावर पडू देऊ नका.”

जमेल तेवढा! आभाळच फाटलं तिथे ठिगळ कुठे कुठे लावणार? ताईने वरच्या मजल्यावरच्या लोकांना जाऊन विनंती केली. त्यांनी गाणं बंद केलं, आणि मग ताई जिन्यावरून जायला लागली की दारं किलकिली करून बघायला लागले. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तिथला रेडिओ काढून टाकला. पण गिऱ्हाइकांचे फोन वाजायचे, त्याला काय करणार? बसऐवजी ताई धाकट्याला चालवत न्यायची, गल्लीबोळांतून, आणि तिथेही कुठल्यातरी खिडकीतून ठेका थांबायचा, क्षणभर शांतता, आणि मग ती स्वतः. धाकटा जागच्या जागी उभा राहायचा. त्याच्या चेहऱ्याकडे बघायची तिची छाती व्हायची नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे?

ती संगीतकाराकडे गेली. त्याचं नाव आता मोठं झालं होतं, पण त्याने तिला बाहेर ताटकळत ठेवलं नाही. उठून खुर्ची दिली, स्वतः चहा आणला. ताईने सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले, खोटे नाही.

“पण ताई, गाणं तर प्रेमाचं आहे. प्रेमात खुळा झालेल्या पोराचं. खऱ्या आजारी माणसांना चिडवायचं माझ्या मनातही नव्हतं.”

“माहीत आहे रे. माझ्या तरी कुठे होतं?”

“मी काढतो ते हसू,” तो म्हणाला आणि लगेच कंपनीला फोन लावला. बराच वेळ हो, हो, बरोबर आहे, असं बोलत राहिला. मग फोन ठेवला आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. “आपल्या प्रतीतून काढता येईल. पण लोकांनी उतरवून घेतलंय, त्यावर आपापले नाच करून टाकलेत, ते कुणाच्या हातात नाही. आणि ते म्हणतात, हसू काढलं तर गाण्यात उरतं काय?”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ताई चहा संपवून उठली. दाराशी तो म्हणाला, “ताई, माझ्या ओळखीच्या एक दिग्दर्शिका आहेत. मानसिक आजारावर मालिका करतायत. गंभीर, लोकांना समज यावी म्हणून. त्यांना तुम्ही भेटाच.”

तोवर औषध लागू पडायला लागलं होतं. धाकट्याला गाढ झोप यायची, इतकी की दुपारी भिंतीला टेकूनही डोळा लागायचा. तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे. त्या हातांनी काच घासणं शक्य नव्हतं. मालकांनी त्याला चष्मे पुसून ठेवायचं काम दिलं, आणि तो ते करायचा, एकेक काच उजेडासमोर धरून. पण ताट संपायला लागलं. बूट दाराशी निघायला लागले. आईने नातेवाइकांना कळवून टाकलं की पोराला अशक्तपणा होता, आता बरा आहे. एका संध्याकाळी ताई शेंगा सोलत बसली होती, तो येऊन तिच्याजवळ बसला. आपणहून, किती दिवसांनी.

“ताई, ती दोन माणसं गेली.”

“खरंच?” तिच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

“म्हातारापण गेला. चारपाच दिवस झाले, आकडे नाहीत.” त्याने एक शेंग उचलून सोलली. “आता तूच राहिलीस.”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो फक्त तिला माहिती देत होता.

ताई त्या दिग्दर्शिकाबाईंकडे गेली ती या आशेने, की निदान मागून येणाऱ्याला तरी ठेच लागू नये. बाई तळमळीच्या होत्या. त्यांच्या मालिकेत एक आजारी मुलगी होती, तिचा आवाज ताईने द्यायचा होता. ताई म्हणाली, “आधी माझं ऐका,” आणि तिने निवलेल्या ताटापासून नळापर्यंत सगळं सांगितलं. हसू नसतं, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. “हसायला त्राण लागतं हो. त्याच्यात ते नसतं.” बाई कान देऊन ऐकत होत्या, मध्येच त्यांनी डोळे पुसले. मग बाईंनी नळाचा प्रसंग चित्रित करून घेतला आणि त्या दोघींनी फोमच्या खोलीत त्याला आवाज दिला. ताईने तोंडातून शब्द काढला नाही. नुसते श्वास दिले. पाण्याकडे बघत उभ्या असलेल्या माणसाचे, उथळ, अडखळते. रेकॉर्डिस्ट तोच, जुना. या वेळी त्याने पाणी विचारलं नाही. मान खाली घालून बसून राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा खरं काम केलं, असं ताईला वाटलं. आईला तिने आधीच सांगून ठेवलं, आणि धाकट्यालाही, बिचकत बिचकत. “तुझ्यासाठीच केलंय रे. तुला वाटलं तर बघ.” तो म्हणाला, बघतो.

तिघं टीव्हीसमोर बसली. मुलगी पडद्यावर आली, नळाशी उभी राहिली. ताईचे श्वास सुरू झाले. धाकटा पुढे सरकून बसला. त्याचे ओठ किंचित उघडले; त्याच लयीत त्याचाही श्वास चालला आहे, हे ताईला दिसलं. मुलगी वळली, कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी गेला, आणि टीव्हीतून ताई हसली. पोटातून, चढत, आणि शेवटी सूं.

ते तिने तिथे दिलेलं नव्हतं. स्टुडिओच्या यंत्रात तिची हसणी वर्षानुवर्षं साठवलेली होती. त्यातलं एक कुणीतरी उचलून चिकटवलं होतं.

“किती छान केलंस गं,” आई म्हणाली. “अगदी खऱ्यासारखं.”

धाकटा उठून आपल्या खोलीत गेला. त्याने दार आपटलं नाही, हळूच लोटलं.

ताईने बाईंना फोन केला तेव्हा त्या अजिजीने म्हणाल्या, “मी फार भांडले हो. पण वरच्यांचं म्हणणं पडलं, नुसती उभी राहिली तर प्रेक्षकांना कळणार कसं की ती आजारी आहे? त्यांना वाटेल पोरगी विचार करतेय.” ताईने फोन ठेवला. रागवायला समोर माणूस तरी हवं. सगळेच चांगले होते.

त्यानंतर तिने वेड्या करायचं सोडलं, कानाला खडा लावला. कामं अडली नाहीत, कारण यंत्रात हसणी होतीच. तिच्याशिवाय ती छान चालली होती. ताई आता कार्टूनमधल्या आत्या-मावश्या करते, आणि लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणते.

घरातही ती हसेनाशी झाली. आईने काही गमतीचं सांगितलं की ओठ मिटून घ्यायची. पण त्याचाही उपयोग झाला नाही. एकदा जेवताना धाकटा म्हणाला, “ताई, डॉक्टरांच्या माहितीतलं ते केंद्र आहे ना, गावाबाहेरचं, राहायचं? मी जातो तिथे.”

“का रे? इथे काय कमी आहे तुला?”

“कमी काही नाही. पण तू बोलायला लागलीस की मी वाट बघत बसतो, आता कधी हसशील म्हणून. तू हसत नाहीस. म्हणून मग जास्तच वाट बघतो.”

आई ताट सोडून उठली. आईने रडून घर डोक्यावर घेतलं, लोकांना काय सांगू म्हणाली, सख्खी बहीण असून भावाला घालवतेस म्हणाली. ताईने धाकट्याच्या कपड्यांची बॅग भरली; तो पलंगाच्या काठाशी बसून एकेक सदरा घडी करून देत होता, थरथरत्या हातांनी, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

केंद्र स्वच्छ होतं, बैठं, पुढे थोडी झाडं. ताई सुट्टीच्या दिवशी सकाळी जाते, फळं घेऊन. तिथे व्यायामाच्या तासाला गाणी लावतात, आणि सगळ्यांच्या आवडीचं गाणं कुठलं, हे सांगायलाच नको. पहिल्यांदा तिने ते आतल्या खिडकीतून पाहिलं. वीस-पंचवीस माणसं अंगणात उभी, बोटं कानशिलाशी गरागरा फिरतायत, माना खांद्यावर, जिभा बाहेर, आणि हसू वाजलं की सगळी मनापासून थरथरतायत. एक पिकल्या केसांची बाई तर आनंदाने किंचाळत होती. ताईने धावत जाऊन तिथल्या बाईंना विचारलं, “अहो, हे काय लावता यांच्यापुढे?”

“आम्ही लावत नाही हो, तेच मागतात,” त्या म्हणाल्या. “बंद केलं तर जेवत नाहीत काही जण.”

धाकटा नाचणाऱ्यांत नव्हता. झाडाखालच्या बाकावर बसून सगळ्यांकडे बघत होता. ताई शेजारी बसली. पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागली.

“त्रास होतो का रे इथे?”

त्याने विचार केला. “होतो. पण इथे ते सगळ्यांना ऐकू येतं. माझ्याकडे कुणी बघत नाही.”

“घरी यायचंय?”

“नको.”

त्याने संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या, दोन तिला दिल्या. थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, म्हणाला, “ताई, तू गाणी संपल्यावर येत जा. गाणं चालू असताना तू शेजारी असलीस की मला दोन्हीकडून येतं.”

तेव्हापासून ती फाटकाबाहेर थांबते. फाटकावरचा रखवालदार भला माणूस आहे, तिला स्टूल देतो. आतला ठेका ऐकत बोटांनी ताल धरतो, आणि हसू आलं की मान हलवून तिला सांगतो, “काय हसलीय बघा ती बाई! खरी वेडी असणार, नाही?”

ताई ‘असेल’ म्हणते. गाणं संपतं, रखवालदार फाटक उघडतो, आणि ती पिशवी उचलून आत जाते.